पट्टा आणि दातेरी चाक

आमचा आणि यंत्रांचा संबंध आजवर दुरूनच आला. इंग्रजी काव्य शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने घरचा पंखा मंदावला तर शेजारच्या मुलास हाक मारावी, सायकलची साखळी उतरली तर सायकल हातात धरून घरी चालत यावे, आणि या दोन्ही गोष्टींची लाज न बाळगता उलट त्यांचे किस्से रंगवून सांगावेत, असा आमच्या पिढीतील प्राध्यापकांचा एक प्रघातच होता. अशा मनुष्याने विमानास वीज कोठून मिळावी या विषयावर चार पाने खर्ची घालावी, हे पाहून आमचे स्नेही हसतील. त्यांनी खुशाल हसावे. गेल्या वर्षी याच प्रश्नाने आमच्या घरातील तीन माणसांची झोप उडविली होती, आणि त्याचा उलगडा होता होता आमच्या एका जुन्या चुकीचाही उलगडा झाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी बहीण अकोल्यास असते. तिचा एकुलता एक मुलगा इंजिनिअर असून तेथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. ऐन उन्हाळ्यात एके रात्री बहिणीचा फोन आला. "भाऊ, तू एकदा येऊन जा. पोरगा विमान बांधून राहिला आहे."

आम्हांस वाटले, मुलांना दाखवावयाचे एखादे नमुन्याचे विमान असेल. तसे आम्ही म्हणताच ती म्हणाली, "नमुन्याचे नाही. दोन माणसांचे. स्वतः बसून उडवायचे. तू प्रोफेसर आहेस, तुझे तो ऐकेल. त्याला म्हणावे, हे बंद कर." एवढे बोलून ती थांबली, आणि मग हळूच म्हणाली, "माझ्यापाशी दुसरा नाही रे कोणी."

दुसऱ्याच रविवारी आम्ही बडनेऱ्यास गाडी धरली. भाच्यास काय काय बोलावयाचे याची मनात जुळवाजुळव करीत होतो. उपदेश करण्याचा आमचा सराव दांडगा आहे; वर्गात तर त्याचेच वेतन मिळते. परंतु मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आमच्या युक्तिवादाची धार आपोआप बोथट झाली. कारण ज्यास आम्ही खूळ म्हणणार होतो, ते या महाराष्ट्रास नवे नाही. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही, तरी ती मराठी मनाने सोडलेली नाही, यावरून हौस किती जुनी आहे ते दिसते. आणि आमच्या डोळ्यांदेखतचे उदाहरण तर कथेचे नव्हे, कागदोपत्री नोंदलेले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. आणि २०२० साली ते धुळ्याच्या धावपट्टीवरून आकाशात गेले. पहिल्या खटपटीपासून येथवर येण्यास त्या गृहस्थांची वीसांहून अधिक वर्षे गेली. गच्चीवर वाळवणाशेजारी विमान उभे राहू शकते, तर अकोल्याने काय घोडे मारले आहे?

शिवाय आमच्या वऱ्हाडाची हवाही आता बदलली आहे. शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. कृषी विद्यापीठाच्या शेतांशेजारून जाताना आम्ही लहानपणी ती दुरून पाहत असू. अमरावतीकरांस तर बेलोऱ्याचा विमानतळ वर्षानुवर्षे बोलण्यापुरताच होता. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथे मुंबईचे प्रवासी विमान उतरले, आणि गावातील अर्धी मंडळी ते पाहावयास माना वर करून उभी राहिली. मुलांनी त्या दिवशी वर पाहिले, हा काही त्यांचा अपराध नव्हे.

भाच्याने जागा भाड्याने घेतली होती ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. सरकीचा वास भिंतींतून अजून गेलेला नव्हता. आत, जेथे एके काळी रुईचे ढीग पडत, तेथे पंखांवाचूनचे एक विमान तीन चाकांवर उभे होते. परदेशी नकाशे मागवून, पत्रा कापून, एकेक रिव्हेट बसवून त्याने चार वर्षांत एवढे उभे केले होते. पुढे चार सिलिंडरांचे जुने पण दुरुस्त करून घेतलेले अमेरिकन इंजिन होते. त्याच्या नोकरीच्या पगारातील मोठा भाग याच गोदामात जिरला असावा, हे आम्हांस न विचारताच समजले.

"मामा, तुम्ही रागवायला आला आहात, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण आधी बघा तर. अडचण एकच उरली आहे, आणि ती विजेची आहे."

रागवावयास आलेल्या मनुष्यास कोणी अडचण सांगितली म्हणजे तो अर्धा जिंकला जातो. आम्ही तेलकट स्टुलावर बसलो आणि ऐकू लागलो. जे समजले ते वाचकांस आमच्याच भाषेत सांगतो.

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला तर तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. तेव्हापासून आजपर्यंत वीज हवी असली की काही तरी फिरविणे आले. विमानात फिरणारी वस्तू इंजिन. तेव्हा त्याच्याच जोरावर एक लहान जनित्र फिरवावयाचे. त्यास अल्टरनेटर म्हणतात. मोटारीतही तोच असतो. प्रश्न एवढाच, की इंजिनाचा फेरा त्या जनित्रापर्यंत न्यावयाचा कसा? एक मार्ग पट्ट्याचा. पंख्यामागे एक मोठी कप्पी असते. तिच्यावरून रबरी पट्टा जनित्राच्या लहान कप्पीवर जातो आणि त्यास इंजिनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक वेगाने पळवितो. दुसरा मार्ग दातेरी चाकांचा. इंजिनाच्या पाठीशी काही जोडयंत्रांकरिता दातेरी चाकांनी फिरणाऱ्या जागा मूळचीच असतात. पूर्वी विमानाचा कल दाखविणारे भोवरे हवेच्या ओढीने फिरत, आणि ती हवा ओढणारा पंप अशाच एका जागेवर बसे. आता भोवरे जाऊन पडद्यावरची विजेची यंत्रे आली. पंप गेला आणि जागा रिकामी झाली. तेथे लहानसे जनित्र थेट दात्यात दाता घालून बसविता येते. आजवर हे जनित्र बहुधा राखीव म्हणून ठेवीत. मुख्य काम पट्ट्याच्या जनित्राचे. आमच्या भाच्याच्या मनात मात्र पट्टा साफ काढून टाकून या दात्यांच्या जनित्रासच घरचा कर्ता करावयाचे होते.

त्याची कारणे पोकळ नव्हती. पट्टा उन्हाने कडक होतो, सैल पडतो, तुटतो. तो बदलावयाचा तर विमानाचा पंखा उतरवावा लागतो. म्हणून काही धोरणी लोक एक जास्तीचा पट्टा आधीच आत ओवून बांधून ठेवतात. दात्यांच्या जनित्रास यांपैकी काही नको. शिवाय वजनास ते हलके. उणीव एकच, की ते इंजिनाच्या वेगाच्या फक्त १.३ पट फिरते. इंजिनाचे मिनिटाला २,४०० फेरे असतील तेव्हा याचे ३,१२०. आणि इंजिन जमिनीवर ८०० वर रेंगाळत असेल तेव्हा याचे जेमतेम हजार. तेवढ्यात वीज फारच थोडी निघते. भर वेगातही याची मिळकत २० अँपिअरच्या आसपास.

"पण खर्चच कमी झाला आहे, मामा," असे म्हणून त्याने एक वही पुढे केली. तीत दिवे, रेडिओ, पडदा, इंधनाचा पंप असा एकेक खर्च मांडून खाली १२ अँपिअरांची बेरीज केली होती. पूर्वी उतरतेवेळी लावावयाचा एकच दिवा १०० वॅट मागे. आताच्या दिव्यांस त्याच्या अर्धीही वीज लागत नाही. मिळकत २०, खर्च १२. वही पाहून आम्हांस हसू आले. आमची बहीण दर महिन्यास किराण्याची वही अशीच मांडी. अक्षराचे वळणही तेच होते.

गोदामात आणखी एक मनुष्य होता. जिनिंग चालू असताना तेथे मिस्त्री असलेला एक सत्तरीचा म्हातारा भाच्यास हाताखाली मदत करी. तो इतका वेळ गप्प होता. आता कानस बाजूला ठेवून म्हणाला, "मास्तर, म्या याले किती खेपा सांगतलं. पट्टा घसरते, म्हनून त मानूस वाचते. दातं कोनाले सोडत नाहीत."

हे ऐकताच आमच्या अंगावर काटा उभा राहिला. आमचे वडील अशाच एका जिनिंगमध्ये कारकून होते. त्या काळी एका लांब लोखंडी दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि सगळे जिन फिरवीत. एकदा हिशेबाची पावती घेऊन जाताना वडिलांच्या धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला. ते ओढले गेले, आपटले; पण त्या ताणाने पट्टाच कप्पीवरून उतरला. हात मोडण्यावर निभावले. आई मरेपर्यंत सांगत असे, की पट्ट्याने तुमच्या बापास सोडले. तेव्हा आम्ही तत्क्षणी मिस्त्रीच्या पक्षास मिळालो. ज्या जोडणीत घसरण्यास जागा आहे तीच माणसाची, असे आम्ही मोठ्या आवेशाने भाच्यास सांगितले.

त्याने ऐकून घेतले आणि मग पेटीतून एक बोटभर लांबीचा पोलादी दांडा काढून आमच्या हातावर ठेवला. मध्यभागी तो मुद्दाम बारीक केलेला होता. "ही मान, मामा. जनित्र आत कोठे अडकले, तर दाते मोडायच्या आधी ही मान तुटेल. जनित्र बंद पडेल, पण इंजिनाला धक्का लागणार नाही. काही मोठ्या इंजिनांत याच कामासाठी रबरी सांधा घालतात. तो गरगर घसरतो. मिस्त्रीबाबा म्हणतात ती दया दात्यांतही ठेवता येते. फक्त ती आधी ठरवून ठेवावी लागते."

मिस्त्रीने तो दांडा हातात घेऊन पुष्कळ वेळ निरखला. काही बोलला नाही.

आम्हांसही यावर उत्तर सुचेना. वादविवादाच्या ऐन मध्यावर वक्त्याचे कागद उडून जावेत तसे झाले. तेव्हा केवळ काही तरी बोलावयाचे म्हणून आम्ही विचारले, "आणि ही मान तुटल्यावर पुढे काय?"

"बॅटरी आहे ना. अर्धा तास सहज."

"आणि त्यानंतर? दिवे जातील एवढेच ना?"

येथे मात्र भाचा घुटमळला. मग त्याने सांगितले ते असे. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन दोन स्पार्क प्लग असतात, आणि त्यांस ठिणगी देणाऱ्या व्यवस्थाही दोन, एकमेकींपासून स्वतंत्र. जुन्या रीतीत या दोन्ही व्यवस्था म्हणजे दोन मॅग्नेटो. मॅग्नेटोत स्वतःचा कायमचा चुंबक असतो. इंजिन फिरते तोवर तो ठिणगी देतो, बॅटरी काढून फेकली तरी देतो. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडविले, त्यातही इंजिनाच्या जड चाकास घासून फिरणारा एक मॅग्नेटोच ठिणगी देत होता; इंजिन सुरू करण्यापुरत्या लागणाऱ्या बॅटऱ्या त्यांनी जमिनीवरच ठेवल्या होत्या. परंतु आता विजेवर चालणारी नवी प्रज्वलन-यंत्रे निघाली आहेत. त्यांनी इंजिन चटकन सुरू होते, इंधनही वाचते. भाच्याने दोन्ही बाजूंस तीच बसविण्याचे ठरविले होते.

म्हणजे जनित्र गेले, बॅटरी संपली, की केवळ दिवे जावयाचे नव्हते. इंजिनच थांबावयाचे होते. सगळे घर एका मिळवत्यावर. आणि त्या मिळवत्याची मान मुद्दाम बारीक केलेली.

"माझ्यापाशी दुसरा नाही रे कोणी," हे बहिणीचे शब्द आम्हांस त्या वेळी आठवले. आणि त्यांच्या पाठोपाठ जे आठवले ते येथे लिहिणे सुखाचे नाही, तरी लिहितो. १९९९ साली बहिणीस अकोल्यातील एका प्राथमिक शाळेत नोकरी मिळत होती. मेहुणे बँकेत चांगल्या पगारावर होते, मूल चार वर्षांचे. तिने आमचे मत विचारले. आम्ही नुकतेच कायम झालेले प्राध्यापक. आम्ही तिला चार पानी पत्र लिहिले. घरात एक मिळवता असताना दुसऱ्याने धावपळ करण्याने संसाराची शांती कशी भंगते, हे आम्ही त्यात सुंदर इंग्रजी दाखले देऊन सिद्ध केले होते. तिने ते पत्र वाचले आणि नोकरी धरली. २००९ साली मेहुणे हृदयविकाराने एका रात्रीत गेले. पुढली सगळी वर्षे, मुलाची फी, घराचे हप्ते, सासूचे आजारपण, सारे त्या शाळेच्या पगारावर चालले. त्या पत्राविषयी तिने कधी चकार शब्द काढला नाही. आम्हीही नाही.

आम्ही भाच्यास एवढेच म्हणालो, "तुझ्या आईने दुसरी मिळकत आधी उभी केली होती, म्हणून तू आज इंजिनिअर आहेस. तू विमान बांधतोस ते बांध. पण तिच्या घरात जी चूक तिने होऊ दिली नाही, ती तुझ्या इंजिनात होऊ देऊ नकोस."

त्याने वही मिटली. बराच वेळ तो इंजिनाच्या पाठीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एका बाजूचा मॅग्नेटो ठेवतो. नवे यंत्र दुसऱ्या बाजूला. मग वीज सगळी गेली तरी इंजिन एका पायावर चालेल." आणि किंचित हसून मिस्त्रीकडे वळला, "पण बाबा, मॅग्नेटोही दातेरी चाकावरच फिरतो बरं का."

"फिरू दे," म्हातारा म्हणाला. "तो कोनाच्या उधारीवर त नाही ना?"

म्हाताऱ्याने अजाणता मर्मावर बोट ठेवले होते. अल्टरनेटरला स्वतः जागे व्हावयासदेखील बॅटरीची थोडी वीज उसनी लागते. मॅग्नेटोस कोणाचेच देणे नसते. आम्ही इतका वेळ पट्टा की दाते यावर भांडत होतो. परंतु पट्टा तुटतो आणि दातेही झिजतात. विचारावयाचा प्रश्न, एक गेल्यावर कोण उभे राहते, हा होता. आणि तो विचारण्यास यंत्रशास्त्र लागत नाही. तो प्रश्न आमच्या बहिणीने २६ वर्षांपूर्वीच स्वतःस विचारला होता, आमचे चार पानी पत्र बाजूस सारून.

संध्याकाळी आम्ही तिला गोदामात घेऊन आलो. चार वर्षांत ती तेथे एकदाही आली नव्हती. विमानाकडे तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि म्हणाली, "तुझा मामा म्हणतो, दुसरा ठेवला आहेस. कोठे आहे तो, दाखव." भाच्याने विजेरी धरली. मुठीहून थोडा मोठा, काळसर असा तो मॅग्नेटो इंजिनाच्या पाठीशी बसलेला होता. तिने त्यावर हात ठेवला.

"हा कोणाच्या भरवशावर चालतो?"

"स्वतःच्याच, आई."

"मग याला काढू नको," ती म्हणाली. एवढीच तिची परवानगी.

घरी जाताना रिक्षात आम्ही तिला म्हणालो, "ते पत्र आम्ही लिहावयास नको होते." कोणते पत्र, असे तिने विचारले नाही. "आहे माझ्यापाशी," ती म्हणाली. "अक्षर फार चांगले होते तुझे तेव्हा." आणि मग बाहेर पाहू लागली.

पंख आता बसले आहेत. कागदपत्रे महासंचालनालयाकडे जावयाची आहेत, तपासणी व्हावयाची आहे. आणि कॅप्टन यादव यांचा अनुभव ध्यानात घेता या गोष्टींस वेळ लागतो, हे भाच्यास पक्के ठाऊक आहे. परवानगी मिळालीच, तर पहिल्या उड्डाणांत शेजारी कोणास बसविता येणार नाही. याचे आम्हांस मनातून हायसे वाटते, हे कबूल केले पाहिजे. बहिणीने मात्र भाच्याकडून एक वचन घेतले आहे. दर पंधरवड्यास, विमान उडो वा न उडो, त्याने बॅटरीची तार काढून, फक्त मॅग्नेटोवर इंजिन चालवून तिला दाखवावयाचे. गेल्या महिन्यात आम्ही अकोल्यास असताना तसा प्रयोग झाला. पडदा काळा पडला, दिवे विझले, आणि गोदामाची पत्रे हादरवीत इंजिन चालूच राहिले. बहीण दाराशी कानांवर हात ठेवून उभी होती. पाच मिनिटे झाली तरी ती भाच्यास थांब म्हणेना.